सुईचा दोष

“तू नको गो बाय. दुसरा कोण आसा तर तेका बोलव,” म्हातारी म्हणाली आणि कोपरापर्यंत वर घेतलेली बाही तिनं पुन्हा मनगटापर्यंत ओढली.

मथुरा राऊळच्या एका हातात रबरी पट्टा, दुसऱ्या हातात स्पिरिटचा बोळा. या म्हातारीची साखर ती अकरा वर्षं तपासत आली होती. कुठली शीर सापडते आणि कुठली हुलकावणी देते, हे म्हातारीपेक्षा मथुराला जास्त ठाऊक.

“काय झाला काकी? माजो हात लागता काय आता तुका?”

“हात नाय गो लागणा. पण गावात तसा ठरला आसा. देवीन कौल दिल्यान. माजो काय तुजेर राग नाय हां!”

आमच्याकडे माणूस राग नाही म्हणून सांगायला लागला की समजावं, निकाल लागलेला आहे. म्हातारीचं गाव तेच मथुराचं सासर, कसालच्या तिठ्यावरच्या या लॅबपासून आठ किलोमीटर आत. म्हणजे निकाल घरापर्यंत पोचलेला.

आतल्या केबिनमधून यज्ञेश बाहेर आला. लॅबचा मालक, पण मथुरापेक्षा सतरा वर्षांनी लहान. त्याच्या वडिलांनी ही लॅब काढली तेव्हापासून मथुरा इथे होती. इथे रक्त घ्यायचं, साध्यासुध्या तपासण्या इथेच करायच्या आणि मोठ्या असतील त्या कुडाळला पाठवायच्या, असं बावीस वर्षं चाललेलं. यज्ञेशनं म्हातारीला पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं आणि मथुराला बाजूला घेतलं.

“ताई, थोडे दिवस तुम्ही काउंटरला बसा. पावत्या, रिपोर्ट एवढंच बघा.”

“आणि रक्त कोण काढणार?”

“किशोरीबाई येतील. सरकारी दवाखान्यातून रिटायर झाल्यात. मी बोलून ठेवलंय त्यांच्याशी.”

“माझी चूक झालीय असं तुला वाटतं?”

“मला वाटून काय उपयोग, ताई? लोकांना वाटतंय.”

पोरगा खोटं बोलत नव्हता, याचंच तिला जास्त लागलं. ती काउंटरच्या मागे जाऊन बसली. हातातला रबरी पट्टा खाली ठेवायचं तिच्या लक्षातही आलं नाही.

झालं होतं ते असं. गावातला परशुराम घाडी जानेवारीत लॅबमध्ये येऊन रक्त देऊन गेला. परशुराम म्हणजे काजूची कलमं बांधणारा. त्यानं बांधलेलं शंभरातलं नव्वद कलम जगतं, अशी त्याची ख्याती. दोन दिवसांनी सुई टोचली त्याच जागी पिवळ्या तोंडाचा फोड उठला आणि भोवतीची कातडी लाल झाली. त्याच्या आईनं, यशोदाकाकीनं, ते पाहिलं आणि घर डोक्यावर घेतलं. रक्त कोणी काढलं? मथुरानं. सुई कसली होती? देव जाणे! मग देवालाच विचारायचं ठरलं.

कौल लावतात तो असा, की देवीच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. गुरवानं विचारलं, “आये, ह्या जखमेक मथुराच्या सुयेचो दोष आसा काय?” आणि त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत उजवी पाकळी सुटली. एवढ्या झटक्यात कौल कधी मिळत नाही, असं नंतर सगळे म्हणाले.

मानकऱ्यांच्या रांगेत मथुराचा नवरा गुरुदास उभा होता.

त्याच दिवशी चहाच्या वेळी मथुरानं त्याला विचारलं होतं, “तुमी थंय उभे होतात आणि एक शब्द बोललात नाय?”

गुरुदास गावचा पोस्टमन. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं न उघडता पोचवलेला सरळ माणूस. त्यानं कपातल्या चहाकडे बघत म्हटलं, “देवीच्या फुडे मी काय बोलतलंय?”

“माजी बायल सुई नवीन फोडता, इतक्यातरी.”

“ता माका म्हायत आसा गो.”

“तुमका म्हायत आसून काय करूचा? थंय सांगूक नको होता?”

त्यानं कप तोंडाला लावला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दोष कोणाला द्यायचा? मथुरानं कप उचलले आणि विहिरीवर गेली. तिथे दोघी बायका होत्या. त्या तिला पाहून गप्प झाल्या नाहीत, उलट भलत्याच जोरात भाजीबद्दल बोलायला लागल्या.

एक गोष्ट मथुरानं नवऱ्यालाही सांगितली नव्हती. परशुराम कशासाठी रक्त द्यायला आला होता, ती.

तो बाजाराचा दिवस टाळून आला होता, भर दुपारी. बाकावरची माणसं जाईपर्यंत दारातच उभा राहिला. मग त्यानं खिशातून चार घड्या घातलेली चिठ्ठी काढली. कणकवलीच्या एका डॉक्टरची होती, एचआयव्ही आणि गुप्तरोगाच्या तपासणीची. “खालच्या जागेर फोड येतत,” तो म्हणाला, तेही मथुराला नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरला. “वैनी, माजो कोणाकडे संबंध नाय. देवीशपथ.” मथुरा म्हणाली, “माका काय सांगा नको. हात फुडे कर.” दोन्ही रिपोर्ट स्वच्छ आले. त्यानं ते तीनतीनदा बघितले आणि तरी त्याचा चेहरा उजळला नाही, कारण फोड होते ते होतेच.

हे सगळं तिच्याजवळ होतं. विहिरीवर नुसतं कानात सांगितलं असतं, तर संध्याकाळपर्यंत गावाची जीभ तिच्यावरून उठून परशुरामावर बसली असती. फोड सुईचा नाही, त्याच्या चालीचा, असं म्हणून लोक मोकळे झाले असते. कौल कसा फिरवायचा ते लोकांना बरोबर येतं. पण रक्त काढणाऱ्या बाईनं पहिल्या दिवशी काय शिकायचं असतं, तर शिरा ओळखायच्या नंतर, आधी गिळायला शिकायचं. मथुरानं गिळलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कधीकधी परशुराम रस्त्यात दिसायचा, तिला बघून पलीकडच्या कडेला व्हायचा, आणि तिच्या मनात येऊन जायचं की सांगून टाकावं, एकदाचं सांगून टाकावं. असं वाटल्याबद्दल ती घरी येऊन स्वतःलाच बोल लावायची.

मार्चच्या सुरुवातीला परशुरामची बायको अपेक्षा त्याला लॅबमध्ये घेऊन आली. त्याच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता आणि ती त्याचा दंड धरून चालली होती. चौतीस वर्षांचा माणूस, पण गुडघे म्हाताऱ्यासारखे उचलत होता. कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठी होती, रिपोर्ट घेऊन पंधरवड्यानं परत बोलावलं होतं. मथुरानं पावती केली. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

किशोरीबाईंनी रक्त काढलं. आधी उजव्या हाताला टोचलं, पण शीर रुसली म्हणून त्यांनी डाव्या हातालाही टोचलं. पस्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात काढलेली बाई, तिच्या सुईला गावच काय, जिल्हा नावं ठेवणार नाही.

तिसऱ्या दिवशी अपेक्षा रिपोर्ट न्यायला आली आणि काउंटरवर वाकून हळूच म्हणाली, “दोनूय हाताक पिकला हा, ताई. टोचलेला थंयच.”

हळू बोललेलं किशोरीबाईंना मोठ्यानं ऐकू यायचं. त्या आतून तावातावानं बाहेर आल्या.

“माज्या सुयेन पिकला? माज्या? अगो, तुजो घोव जन्माक येवच्या आदीपासून मी सुयो टोचतंय! पस्तीस वर्सां! एक माणूस सांगूंदे, एक!”

“मी तुमका काय म्हणूक नाय, बाई,” अपेक्षा रडकुंडीला आली.

मथुरा मात्र खुर्चीत ताठ बसली होती. आधी तिला बरं वाटलं. काय लपवायचं, चांगलं गार गार बरं वाटलं. दोन महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या बाजूला येऊन उभं राहिलं होतं, मग ते पू का असेना. आणि मग तिला वाटलं, हात तिचा असो की किशोरीबाईंचा, पिकायचं ते पिकतंच आहे. मग हे आहे काय?

तिनं अपेक्षाला बाकावर बसवलं आणि शेजारी बसली.

“तेच्या बोटांक कलमांचो चाकू लागता, ता पिकता?”

“पिकता तर! काटो लागलो तरी पिकता. आमी म्हणतो काजीचो चीक गेलो आसतलो.”

काजूचा चीक अंगावर पडला की कातडी जळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे फोड, पुरळ, चट्टा, काय वाटेल ते चिकाच्या नावावर खपतं.

“आणि तोंड येता तेचा?”

“ता तर वर्सभर. तिखट लागूंकच देणा नाय. सासू म्हणता, काजीची उष्णता. कोकमाचा सार देतंय रोज.”

मथुरा उठून काउंटरवर आली आणि संगणकात परशुरामचं नाव घातलं. दिवाळीच्या आधी हाडांच्या डॉक्टरची चिठ्ठी, गुडघे सुजले म्हणून. त्यानंतर कातडीच्या डॉक्टरची, नडग्यांवर लाल गाठी म्हणून. मग ती कणकवलीची. आता डोळ्यांची. चार डॉक्टर, चार गावं, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. प्रत्येकानं आपापल्या वाटणीचा परशुराम बघितला होता. सगळ्यांनी मागवलेलं त्याचं रक्त तेवढं या एका खिडकीतून गेलं होतं.

आजाराचं नाव तिला माहीत नव्हतं. माहीत असायचं कारणही नव्हतं. पण हे पाच आजार नाहीत, एकच आहे, हे तिला उन्हाइतकं स्वच्छ दिसलं. डोळ्यांच्या डॉक्टरला हे सगळं एकत्र सांगायला हवं होतं. आणि सगळं म्हणजे कणकवलीची चिठ्ठीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परशुरामच्या रोपवाटिकेत गेली. हिरव्या जाळीच्या सावलीत तो उकिडवा बसला होता. समोर काजूच्या रोपांच्या पिशव्या ओळीनं मांडलेल्या. शेंडा उडवलेलं रोप डाव्या हातात, पाचर तासलेली काडी उजव्या हातात. रोपाला दिलेल्या चिरेत काडी बसवायची आणि वरून पट्टी गुंडाळायची, एवढंच काम. डोळे मिटून करावं असं. पण काडी चिरेच्या बाजूला जात होती. त्यानं तीनदा प्रयत्न केला, मग डोकं तिरपं करून डाव्या डोळ्यानं बघितलं, तेव्हा ती बसली. पायाशी फुकट गेलेल्या काड्यांचा ढीग पडला होता.

“पर्श्या,” मथुरानं हाक मारली.

तो दचकला. “वैनी, तुमी हंय कित्याक इल्यात?”

“उजवो डोळो पुरो गेलो काय?”

“धुक्यासारख्या दिसता.” मग म्हणाला, “डाव्याकय कालपासून लाली इली हा.”

ती मातीतच बसली. चारही चिठ्ठ्यांचं तिनं सांगितलं, किशोरीबाईंच्या सुईचं सांगितलं. “डॉक्टरनीक ह्या सगळा सांगूक व्हया. एकजात सगळा.”

“गुडग्यांचा सांगतंय. तोंडाचा सांगतंय.”

“आणि बाकीचा?”

त्याच्या हातातली काडी मोडली. “ता नको वैनी. बाईमाणूस डॉक्टर ती. आणि अपेक्षा बाजूक बसतली. तिका काय वाटात?”

“तिका म्हायत नाय?”

“नाय. वर्स झाला, मी भायर पडयेत निजतंय. कंबार दुखता म्हणून सांगलंय.” तो जाळीकडे बघत बोलत होता, जसा त्या दिवशी कॅलेंडरकडे बघून बोलला होता तसाच. “आवशीन हात बघल्यान. रगात कित्याक दिलंस म्हणून इचारल्यान. मी काय सांगतलंय? तितक्यात कोणीतरी सुयेचो इषय काढलो. मी गप ऱवलंय. माका वाटला चार दिसांनी इसारतले.”

“माका खुर्चीर बसवल्यानी पर्श्या. माज्या हातात सुई नाय दोन म्हयने.”

“म्हायत आसा.”

“तुजा नाव मी घोवाक पण सांगूक नाय.”

“ताय म्हायत आसा,” तो म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. रडला तसा उजवा डोळा झोंबला असणार, कारण त्यानं तळहात घट्ट दाबून धरला. मथुराला त्याचा राग यायला हवा होता, आणि आलाही होता येताना वाटेवर, पण त्या मोडक्या काड्यांपुढे बसून तो टिकेना. हा माणूस एका खोलीत कोंडला गेला होता आणि कडी आतून त्यानंच लावली होती.

“सांगूचा तर तुयाच सांग,” ती उठत म्हणाली. “मी सांगूचंय नाय. पण तुजो दुसरो डोळो वाट बघीत बसाचो नाय.”

कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टर रिया सामंत बसत होत्या. वय तिशीचं, आवाज शांत. यावेळी पंधरवडा व्हायची वाट न बघता अपेक्षानं फोन करून वेळ घेतली, आणि मथुरालाही बरोबर चला म्हणाली. डॉक्टरांनी यंत्रातून परशुरामचे डोळे पाहिले आणि बराच वेळ पाहिले. उजव्या बुबुळाच्या तळाशी पांढरा थर साचला होता. मग त्यांनी चिठ्ठ्या टेबलावर एकीखाली एक लावल्या. तीनच होत्या, कणकवलीची परशुरामनं दिलीच नव्हती.

“तोंडात फोड येतात. पायावर गाठी. सांधे. डोळे,” त्या म्हणाल्या. “आणखी कुठे फोड येतात का? लघवीच्या जागी?”

परशुराम भिंतीकडे बघायला लागला. तिथे डोळ्याचं भलंमोठं चित्र होतं, तेही त्याच्याकडेच बघत होतं. अपेक्षा म्हणाली, “नाही, तसं काही नाही.” मथुरा दाराशी उभी होती. तिला नुसतं खाकरायचं होतं, एवढ्यानंही काम झालं असतं. तिनं पदराचं टोक दातात धरलं.

घड्याळ चालू होतं. बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला.

“येतात,” परशुराम म्हणाला. मग खिशातली कणकवलीची चिठ्ठी आणि दोन्ही रिपोर्ट काढून त्यानं टेबलावर ठेवले. “वर्ष झालं. हिला सांगितलं नाही.”

अपेक्षानं रिपोर्ट वाचले. तिला इंग्रजी येत होतं. तिनं ते परत घडी करून त्याच्यासमोर सारले आणि मालवणीत एवढंच म्हणाली, “कंबार दुखता म्हणी!” त्यात राग किती आणि सुटका किती, हे त्या दोघांचं त्यांनाच माहीत.

डॉक्टर म्हणाल्या, संशय पक्का आहे, पण एक चाचणी करू. अगदी साधी. निर्जंतुक सुईनं हातावर टोचायचं आणि दोन दिवसांनी बघायचं. पिकलं, तर आजार तोच. डोळ्याचं औषध आजच सुरू करते, त्याला थांबायला वेळ नाही. “टोचायला सिस्टरला बोलावते.”

“ह्यांनाच टोचू दे,” परशुराम म्हणाला आणि दाराकडे हात केला. “ह्यांचं तेच काम आहे.”

दोन महिन्यांनी मथुराच्या हातात सुई आली. तिनं पाकीट फाडलं, डॉक्टरांना दाखवलं, अपेक्षाला दाखवलं, आणि परशुरामच्या हातावर दोन जागी टोचलं. पेनानं भोवती गोल काढले.

ते दोन दिवस मथुराचे कसे गेले ते तिलाच ठाऊक. पिकलं तर ती सुटणार होती. पण पिकलं तर परशुरामला जन्माचा आजार. नाही पिकलं, तर तो कदाचित वाचेल आणि तिच्या सुईचा दोष मात्र कायमचा तिच्या नावावर राहील. तांदूळ निवडताना, बसमध्ये, पावत्या करताना तिच्या मनात एकच चाललं होतं, पिकू दे. लगेच ती जीभ चावायची. असली इच्छा तिनं वैऱ्यासाठीही कधी केली नव्हती.

गुरुदासला तिनं चाचणीचं तेवढं सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यानं विचारलं, “देवीक काय सांगान इलंस? पिकांदे की पिका नको?”

“माका इचारू नकात,” ती म्हणाली, आणि ताटावरून उठली.

पिकलं. दोन्ही गोलांच्या मधोमध पिवळे टपोरे ठिपके. डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि नाव सांगितलं, बेहसेट. दुर्मीळ आहे, म्हणाल्या, आपल्याकडे ओळखायलाच वर्षं जातात. शरीराचं रक्षण करणारी ताकदच उलटते आणि रक्तवाहिन्यांवर धावून जाते, म्हणून तोंड, डोळे, सांधे, कातडी सगळीकडे एकदम. आजार चढलेला असला की नुसती सुई लागली तरी शरीर पिसाळल्यासारखं करतं. संसर्ग नाही, कोणाची चूक नाही, कोणापासून आलेला नाही.

“म्हणजे कुंपणानंच शेत खाल्लं,” परशुराम म्हणाला.

“तसंच. कुंपणाला आवरायची औषधं आहेत. गोव्याला बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पाठवते, तिथे तज्ज्ञ आहेत. डावा डोळा वाचेल.” मग त्यांनी पेन खाली ठेवलं. “उजव्याच्या आतल्या शिरा बंद झाल्यात. तो परत येईल असं मी सांगणार नाही. वर्षभर आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती.”

बसस्टँडवर मथुरा एकटीच बाजूला उभी राहिली. ती सुटली होती. छाती भरून श्वास घ्यावा असं वाटत होतं आणि घेता येत नव्हता, कारण रसवंतीच्या बाकावर अपेक्षा नवऱ्याचा डावा डोळा रुमालानं टिपत होती.

घरी आल्यावर गुरुदासनं सगळं ऐकून घेतलं. आजाराचं ऐकलं, झाकायचं ते मथुरानं तेव्हाही झाकलं. तो पडवीच्या खांबाला टेकून बसला.

“मगे कौल खोटो पडलो?”

“खोटो खंय? सुयेनच पिकला ना? देवी खोटा बोलूक नाय. तुमी इचारलात तो प्रश्न अर्धो होतो.”

“परत लावया कौल. मी सोता उभो ऱवतंय, मोठ्यान बोलतंय.” हे बोलायला त्याला सव्वादोन महिने लागले, पण बोलला.

“नको,” मथुरा म्हणाली. “परत लावलात तर लोक इचारतले, पर्श्यान रगात कित्याक दिलेल्यान. ऱवांदे तसाच.”

औषधं सुरू झाली. त्या गोळ्यांनी रक्तातल्या पेशी उतरतात, म्हणून दर महिन्याला रक्त तपासायचं होतं. यज्ञेशनं मथुराला परत आत बसायला सांगितलं. ती बसलीही. पण गावची माणसं किशोरीबाईंचे दिवस विचारून येत, आणि त्या नसल्या तर उद्या येतो म्हणत. गावाबाहेरचे येत ते तिच्याकडे. यशोदाकाकी वाटेत भेटली तेव्हा म्हणाली, झिलाचा रगातच बिगाडला गो, आणि पुढे म्हणाली, सुयेचा निमित्त झाला.

एप्रिलमधल्या एका बाजाराच्या दिवशी लॅबचा बाक भरलेला होता. सात माणसं, त्यातली पाच गावची. आत किशोरीबाई आणि मथुरा, दोघीही. अपेक्षाच्या खांद्याला धरून परशुराम आत आला. पावती झाली. किशोरीबाईंनी खुर्ची रिकामी करून त्याला बोलावलं.

“तुमी नको, बाई,” परशुराम म्हणाला. “माका मथुरावैनी व्हयी.”

मथुरा हळूच म्हणाली, “पर्श्या, बाईंकडे बस. परवा परत पिकतला, आणि लोक परत…”

“पिकांदे,” तो मोठ्यानं म्हणाला. त्यानं चष्मा काढला. उजवा डोळा उघडा होता, पण त्याला नजर नव्हती. “दर म्हयन्याक पिकतला. दोष माज्या रगतात आसा, वैनीच्या सुयेत नाय. जानेवारीत माका म्हायत नव्हता, पण मी गप ऱवलंय ता माका म्हायत होता. माजे भोग होते, मी तेंच्या माथ्यार घातलंय.”

रक्त कशाला दिलं होतंस, हा प्रश्न बाकावर पाच जणांच्या तोंडाशी आला असणार. एक म्हातारा चपला सरळ करू लागला. एका बाईनं रिपोर्टचं पाकीट उगाचच उघडून पाहिलं. मथुराकडे मान वर करून बघणारं त्यात कोणी नव्हतं.

मथुरानं सुईचं पाकीट फाडलं आणि रबरी पट्टा हातात घेतला. परशुराम खुर्चीवर बसला. बाही कोपराच्या वर सारून त्यानं हात पुढे केला, समोरच्या उशीवर ठेवायला. पण उशी होती त्याच्या उजव्या अंगाला. हात उशीच्या अलीकडेच खाली आला, टेबलाच्या कडेवर आपटला आणि तिथून हवेत चाचपडू लागला.

मथुरानं सुई ट्रेमध्ये ठेवली. दोन्ही हातांनी त्याचा हात धरला आणि उशीवर नीट टेकवून दिला.